पत्र्याखालचा चातुर्मास

"दिग्याक बसवा!"

असं आबा पाटकर म्हणाले. म्हणजे म्हणाले असावेत. मी त्यांच्या ओठांवरून ओळखलं, कारण त्यांच्या घशात आवाज म्हणून काही उरलाच नव्हता आणि वर पत्र्यावर आषाढातला पाऊस असा कोसळत होता की शेजारी बसलेला माणूस शिंकला तरी ते नुसतं डोळ्यांनी बघायचं.

आमच्या तळकोंडच्या रवळनाथाच्या देवळात आषाढी एकादशीला पोथी लागते आणि त्रिपुरी पौर्णिमेला तिची समाप्ती होते. मधे एका संध्याकाळचाही खंड पडलेला चालत नाही. ऐकायला कुणी नसलं तरी बिघडत नाही, वाचणारा मात्र हवा. आबा म्हणजे निवृत्त तलाठी, वर्षानुवर्षं तेच वाचत आले होते. पण त्या वर्षी वैशाखातल्या वावटळीत सभामंडपावर आंब्याची ही मोठी फांदी पडली आणि छपरावरच्या नळ्यांचा, म्हणजे कौलांचा, चुराडा झाला. पावसाआधी नवे नळे चढवायला सवड कुणाला होती? कुठून तरी पत्रे आणून ठोकून दिले. एक थेंब गळत नाही म्हणून गावाने एकमेकांची पाठ थोपटली. आवाजाचा विचार कुणाच्या डोक्यातच आला नाही. आबा बिचारे आठवडाभर त्या पत्र्याशी भांडले आणि हरले.

म्हणून मानकरी जमले होते. मीही तिथे होतो, पण मानकरी म्हणून नव्हे. देवाच्या डोक्यावरचा चांदवा फाटला होता, तो कोपऱ्यात बसून शिवत होतो. धंद्याने टेलर.

"ह्या पत्र्याखाली वाचूक माझो घसो काय देवळातलो नगारो हा?" बाबी परब ओरडला. बाबीचा घसा खरं तर नगाराच होता, पण ऐकूच जाणार नसेल तर वाचण्यात त्याला रस नव्हता.

"खंड पडलो तर काय करूचा?" वासुदेव गुरवही रडकुंडीला येऊन ओरडत होता.

तेव्हा आबांनी माझ्याकडे बोट केलं.

आता इथे सांगायला हवं, मी तोतरा. शब्द मनात तयार असायचा, घशापर्यंत धावत यायचा आणि उंबऱ्यावर फतकल मारून बसायचा. सगळ्यात द्वाड अक्षर 'प'. त्याच्या वाट्याला मी जातच नसे. गिऱ्हाइकाची पँट शिवायची असली तर मी 'विजार' म्हणे. पैशाला 'रक्कम', पोथीला 'ग्रंथ', आणि पाऊस लागला की 'सर इली' किंवा 'झड लागली'. सगळ्या सिंधुदुर्गात पाऊस हा शब्द न उच्चारता पावसाळे काढणारा माणूस मी एकटाच असेन. आणि अगदीच कुणी बोलायला लावलं तर तोंडात टाचण्या धरायच्या. टेलरच्या तोंडात टाचण्या दिसल्या की लोक नुसत्या मानेवर भागवून घेतात.

"ह्येका?" बाबी माझ्याकडे बघून हसायला लागला. माझ्या कानाशी येऊन ओरडला, म्हणून मला ऐकू आलं. "बरा हा की! अडकलो तरी कोणाक काय कळतलाच नाय!"

सगळे हसले. हसण्याचा आवाज नव्हता, नुसती उघडी तोंडं दिसत होती. माझं डोकं फिरलं. टाचण्या तळहातावर थुंकल्या, उठलो आणि पोथीच्या लाल कापडावर हात ठेवला. बोलण्याचा प्रश्नच नव्हता.

रागाने हो म्हटलं, हे खरं. पण घरी जाताना आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि भर रस्त्यात भिजत उभा राहिलो. अख्ख्या पृथ्वीवर एक जागा अशी निघाली होती, जिथे मी तोंड उघडलं तरी कुणाला ऐकू जाणार नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी मंडपात मी, पोथी, समई आणि इंद्राकाकी. बाकी काळं कुत्रं नाही. ही इंद्राकाकी वळेसर, म्हणजे केसात माळायचे गजरे, विणून विकायची. एकटी राहायची, आणि ठार बहिरी. बाजारात कुणी चार वेळा "काकी, वळेसर कितयाक?" असं ओरडलं तरी ती ढगांकडे बघत बसायची, आणि मग एकदम भलतंच काहीतरी बोलायची. समईला तेल घालायचं काम तिने आपणहून घेतलं होतं. ती अगदी समईला खेटून, माझ्या गुडघ्याजवळ बसली.

वाचायला लागलो. अरे देवा, काय ते वाचन! पहिल्याच ओवीत 'प' आला आणि मी त्याच्यावर आपटत राहिलो. एरवी असं झालं की कानशिलं तापायची, डोळ्यांपुढे काळोख यायचा, समोरच्याची कीव दिसायची. इथे काहीच नाही. वर पत्रा धडधडतोय, समोर बहिरी म्हातारी वात सारखी करतेय. मी आपटलो, पुन्हा आपटलो, मग शब्द आपोआप सुटला आणि पुढे गेलो. पुढच्या ओवीत पुन्हा आपटलो. अध्याय संपला तेव्हा माझा सदरा घामाने चिंब झाला होता आणि मी चक्क हसत होतो. एवढं सलग मी जन्मात बोललो नव्हतो.

काकीचं इरलं फाटलेलं होतं, म्हणून तिला माझ्या छत्रीत घेऊन घरापर्यंत सोडायला निघालो. मग ते रोजचंच झालं. वाटेत वहाळ, म्हणजे आमचा ओढा, लागतो, तिथे तिचा हात धरायचा. आणि वाटभर मी बोलायचो. हो, मी! तिला काही ऐकू येत नाही म्हटल्यावर बोलायला काय जातंय? विहिरीत बोलल्यासारखंच ते.

आमच्याकडे आषाढात माणूस घरात कोंडला जातो. शेतात लावणी झाली, बाहेर जाण्यात अर्थ नाही, दिवसा कंदील लावावा लागतो. अशा वेळी वर्षभर दडपून ठेवलेलं सगळं वर येतं, कणगीच्या तळाशी ठेवलेली भांडी सापडावीत तसं. मला काय काय सापडलं म्हणून सांगू! शाळेतले मास्तर सापडले. पूर्ण नाव सांगेपर्यंत मला बाकावर उभं ठेवायचे. माझ्या वडिलांचं नाव पुरुषोत्तम. म्हणजे 'दिगंबर' इथवर कसाबसा पोचायचो आणि पुढे बापापाशी अडकायचो. संध्याकाळपर्यंत उभा असायचो.

"का... काकी," एका संध्याकाळी वहाळ ओलांडून मी तिला सांगितलं, "कुडाळाक मी चेडू बघूक गेल्लंय. गेल्या म्हयन्यात. माका ती आवडली. तेच्या बापाशीन नाव इचारला. मी खिशातले टाचणये काढून तोंडात धरलंय. तेंका वाटला, ह्यो येडो हा." मी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "आणि तिचा नाव काय म्हायत हा? प... प... पद्मा. लगीन झाला असता तरी हाक कशी मारली असती, सांग बघू?"

एवढं बोलून मला रडायलाच आलं. बापयाने रडू नये म्हणतात, पण छत्रीखाली कोण बघतंय? काकीने वर बघितलं. "उद्या तांदळाची पेज करूक होयी," ती म्हणाली आणि घरात गेली.

अशी माझी आणि तिची संभाषणं.

श्रावण लागला आणि पावसाने फसवायला सुरुवात केली. श्रावणातला पाऊस म्हणजे नुसता खोडसाळ. आत्ता धो धो, आत्ता लख्ख ऊन. एका संध्याकाळी मी ऐन ओवीच्या मध्यावर होतो, मोठ्या तालात, आणि वरचा पाऊस कापल्यासारखा थांबला. मंडपात एकदम माझाच आवाज. मला तो ओळखूच आला नाही. पायरीवर बाबी परब आणि आणखी दोघे पाऊस थांबायची वाट बघत उभे होते, त्यांनी वळून बघितलं. पुढचा शब्द 'प' चा होता. झालं.

मी अडकलो तो अडकलोच. पागोळ्या टपटपत होत्या तेवढाच आवाज.

"काय रे दिग्या?" बाबीने पायरीवरूनच विचारलं. "पाऊस गेलो आणि गाडी पंक्चर झाली?"

अध्याय अर्धा टाकून उठता येत नाही. मी मान खाली घालून बसून राहिलो. केव्हा तरी सह्याद्रीकडून दुसरी सर सरकत आली, पत्रा वाजायला लागला आणि मी उरलेला अध्याय तिच्याआड लपून संपवला. पण माझ्याच मनातून मी उतरलो होतो. इतके दिवस जे वाचत होतो ते मी वाचत नव्हतो, पत्रा वाचत होता, असं वाटलं.

"काकी, फाल्यापासून मी येवचंय नाय," वाटेत मी म्हणालो. "बाबीक वाचूंदे. माझा काम न्हय ता."

काकीने चिखलातून पाय उपसला. "फाल्या समई घासून हाडतंय," ती म्हणाली. "काळी पडली हा. तेलाचो डबो तू घेऊन ये. माका उचलणा नाय."

आता तेलाचा डबा नाही नेला तर देवापुढे काळोख. बहिऱ्या माणसाशी वाद तरी काय घालणार? दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो, आणि गेलो म्हणून वाचलं.

त्या दिवसापासून मी एक शिकलो. पाऊस थांबला आणि शब्द अडला तर घाबरून ढकलायचं नाही. दुसरी सर येते तशी त्याची वाट बघायची. सर येतेच. शब्दही येतो. कधी लवकर, कधी उशिरा, पण वाट बघणाऱ्याकडे तो येतो. मग मी थांबायला लागलो, मान वर करून, समईकडे बघत. श्रावणात असा थांबत थांबत वाचत गेलो आणि गंमत म्हणजे अडणं कमी झालं. संपलं नाही. पण माझी आणि त्याची ओळख झाली.

भाद्रपदात गणपती आले आणि गेले. पाऊस विरळ झाला, लोक बाहेर पडले, मंडपात हळूहळू माणसं दिसायला लागली. आधी म्हातारे, मग भातकापणीवरून परतणारे, अंगाला नव्या पेंढ्याचा वास घेऊन. कुणी काही बोललं नाही. एकदा वासुदेव गुरव मात्र आरतीचं ताट आवरता आवरता म्हणाला, "बरा वाचतंस रे तू." मी तोंडात टाचणी नसतानाही नुसती मान हलवली, जुनी सवय.

दसऱ्यानंतर पत्रे काढले आणि नवे नळे चढवले. काढलेले पत्रे देवळामागे रचून ठेवले होते. मी त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिलो, एकाला हात लावला. थंडगार होता. आता वर नुसते नळे, आणि नळे बोलत नाहीत. कार्तिकातली हवा तर अशी स्वच्छ असते की पलीकडच्या वाडीतली कवाडाची कडी इकडे ऐकू येते. लपायला जागा म्हणून राहिली नाही. तरी मी वाचत होतो. ओवीची चाल माझा हात धरून न्यायची, वहाळात मी काकीचा धरायचो तसा.

त्रिपुरी जवळ आली आणि मानकरी पुन्हा जमले. दीपमाळेचं तेल, प्रसादाचा शिरा, सगळं ठरलं. शेवटी वासुदेव गुरवाने सहज विचारलं, "आणि गाऱ्हाणा?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. समाप्तीला सगळा गाव देवापुढे उभा राहतो आणि एक माणूस सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो. वर्षभरात दिलंस त्याबद्दल, चुकलं माकलं त्याबद्दल, पुढच्या वर्षासाठी. प्रत्येक बोलण्याला गाव "होय म्हाराजा" अशी साथ देतो. त्याला ना चाल, ना पोथी. उभं राहून साध्या बोलण्यात, खड्या आवाजात बोलायचं. शब्द पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले, त्यात पँटची विजार करून चालत नाही. आणि गाऱ्हाणं मधेच तुटलं तर गावाला वर्ष वाईट जातं, असं आमच्याकडे पक्कं मानतात. हे गाऱ्हाणं घालायचं कुणी? ज्याने पोथी वाचली त्याने. आषाढात मला बसवताना त्रिपुरीची आठवण एकालाही झाली नव्हती. आषाढात त्रिपुरी कुणाला आठवते?

"मी घालतंय," बाबी म्हणाला. त्या वेळी त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, काळजी होती. "गावाचो प्रश्न हा. दिग्यान वाचल्यान, बरा झाला. पण ह्या गाऱ्हाणा. तुटला तर?"

वासुदेवाने मान हलवली. बाकीच्यांनीही हलवली. खरं सांगतो, माझीही हलणारच होती.

"इचारा तेका," आबा पाटकर म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता, पण फाटका. "चार म्हयने तो बसलो. तेका इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. माझा हात आपसूक खिशाकडे गेला, टाचण्यांच्या डबीकडे. डबी हाताला लागली. आणि एकाएकी मला त्या डबीचा एवढा संताप आला की सांगता सोय नाही. आयुष्यभर मी शब्दांऐवजी हेच लोखंड तोंडात धरत आलो होतो. हात रिकामा बाहेर काढला.

"ग... ग..." मी थांबलो. सर येऊ दिली. "गाऱ्हाणा मीच घालतलंय."

"आणि तुटला तर?" बाबीने पुन्हा विचारलं.

"तुटला तर जो... जोडतलंय. टेलर आसंय मी."

आबा खो खो हसले आणि खोकत सुटले. ठरलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मशीनवर बसलो की गाऱ्हाण्याचे शब्द पुटपुटायचो, कुणाच्या बाह्या कुणाला लागल्या. एक जागा मात्र रोज हुकायची. 'ह्या साली तू पाऊस दिलंस.' तिथे आलो की गच्च. सगळ्या गाऱ्हाण्यात नेमका तोच शब्द मला चुकवता येत नव्हता, ज्याच्याआड मी चार महिने लपलो होतो.

"काकी, माका भय वाटता," आदल्या संध्याकाळी मी सांगितलं. वहाळाचं पाणी आता घोट्याएवढंच उरलं होतं, पण हात धरायची सवय सुटली नव्हती. "माझ्यामुळा गावाचा वायट झाला तर? लोक म्हणतले, तोतऱ्याक कित्याक उभो केल्यात?"

"माझी चोळी झाली?" काकी म्हणाली. तिने त्रिपुरीसाठी नवी चोळी शिवायला टाकली होती. "उद्या माका फुडे बसाचा हा."

"झाली," मी म्हटलं.

त्रिपुरीला तिन्हीसांजेला दीपमाळ पेटली. गाव लोटला होता. एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बायका, सगळ्यांत पुढे इंद्राकाकी, निळी चोळी, केसात अबोलीचा वळेसर. शेवटचा अध्याय वाचला, पोथी लाल कापडात बांधली. वासुदेवाने हातात नारळ दिला. मी उठलो आणि देवाकडे तोंड करून उभा राहिलो.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

गावाची ती साथ माझ्या पाठीवर येऊन आदळली. इतकी वर्षं मी त्या साथीत एक आवाज मिसळणारा होतो. पुढे उभं राहून ती अंगावर कधी घेतली नव्हती. बळ आलं.

"आज ह्या तुझ्या लेकरांनी चार म्हयने जी काय वेडीवाकडी सेवा केली, ती गोड मानून घे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"कोणाचा काय चुकला माकला असात, ता पोटात घाल, म्हाराजा!"

इथलाही 'प' सुटला! कसा सुटला कळलंही नाही. माझा धीर वाढला, आणि त्या धिरातच मी पुढच्या ओळीवर गेलो.

"ह्या साली तू... ह्या साली तू प..."

ओठ मिटले ते मिटलेच.

मी थांबलो. सर येऊ दिली. सर येईना. पुन्हा ओठ आवळले, नुसता वारा. वर बघितलं. नवे कोरे नळे, आणि त्यांच्यावर एक थेंब नाही. मंडपात अशी शांतता की समईतली वात चरचरलेली ऐकू आली. मागे कुणीतरी श्वास सोडला. कुणी "तुटला" असं पुटपुटलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसलं, बाबी परबाने घसा खाकरला आणि एक पाऊल पुढे टाकलं. त्याचा दोष नव्हता. गाव वाचवायला निघाला होता तो. माझ्या हातातला नारळ घामाने निसटायला लागला. मनात म्हटलं, देवा, चार महिने ऐकलंस ना, आता एवढ्याचसाठी तोंड फिरवलंस?

"होय म्हाराजा!"

आवाज बारीक, चिरका, बाईचा. आमच्याकडे साथ फक्त बाप्ये देतात. सगळ्या माना गर्रकन बायकांच्या बाजूला वळल्या. इंद्राकाकी ताठ बसली होती, निळ्या चोळीत, आणि तिची नजर माझ्यावर होती.

माझ्या डोळ्यांसमोरून सगळा चातुर्मास झरझर गेला. समईला खेटून बसलेली काकी. तेलाचा डबा. तांदळाची पेज. वहाळातला तिचा हात, आणि मी ओकलेलं एकेक. मास्तर, बाक, कुडाळ, पद्मा. ठार बहिरी बाई, आणि मी न बोललेल्या शब्दाला साथ देत होती! पहिल्या दिवसापासून हिने सगळं ऐकलं होतं. पत्र्याने मला कधी लपवलंच नव्हतं.

"होय म्हाराजा!" खांबाजवळून आबांचा फाटका आवाज आला.

मग बाबी. पुढे टाकलेलं पाऊल त्याने मागे घेतलं, छाती फुगवली आणि तो नगारा दणाणला. "होय म्हाराजा!" आणि त्याच्यामागून सगळा गाव, बाप्ये आणि बायका, पोरंटोरं, सगळे. माझ्या अर्ध्या शब्दाला गावाने साथ दिली होती. गाऱ्हाणं तुटलंच नव्हतं.

मला हसू फुटलं. देवासमोर उभा राहून मी हसलो आणि मनात म्हटलं, अडकायचं तर उघड्यावर अडकू.

"प... प... प... पाऊस दिलंस, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"प... पिकपाणी दिलंस, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मग मला कोण आवरणार? जिथे सुटला तिथे सुटला, जिथे अडला तिथे अडला. अडला की गाव साथ द्यायचा, साथीत माझा श्वास भरायचा, श्वास भरला की शब्द बाहेर. एरवी गाऱ्हाणं चटकन आटपतं, त्या वर्षी दीपमाळेत दुसऱ्यांदा तेल घालावं लागलं. गुरांसाठी मागितलं, माहेरी आलेल्या लेकींसाठी मागितलं, परमुलखात गेलेल्यांसाठी मागितलं. ठरलेले शब्द संपले. नारळ फोडायचा तेवढा राहिला. पण माझं संपलं नव्हतं. कुणाची परवानगी न घेता मी आणखी एक ओळ घातली.

"आणि ज्यांका बोलूक जमना नाय, तेंचाय आयक, म्हाराजा!"

त्यावर जी साथ आली तिने नळ्यांवर बसलेली पाखरं उडाली. नारळ एका दणक्यात फुटला, ढोल वाजले, बाबी परबाने मला उचलून धरलं आणि माझ्या नव्या सदऱ्याची शिवण काखेत टरकन उसवली. बाबी म्हणाला, "जोड आता!"

काकीला सोडायला निघालो. चांदणं पिठासारखं पडलं होतं. वहाळाशी हात धरला.

"काकी," मी म्हटलं, "तुका आयकाक येता?"

"काय?"

"तुका आयकाक येता काय?" मी ओरडलो.

"जेवलंय रे झिला, जेवलंय," ती म्हणाली आणि पाणी ओलांडून गेली.

तिच्या मागोमाग चालत राहिलो. घराशी पोचलो, तिने कडी काढली, आणि कवाड लोटता लोटता माझ्याकडे न बघताच बोलली.

"पद्माच्या बापाशीक परत एकदा भेट. आणि ते टाचणये घरात ठेवन जा."

कवाड बंद झालं. त्यानंतर काकी आणखी बरीच वर्षं जगली, आणि शेवटपर्यंत ठार बहिरीच राहिली. तिला ऐकू येतं असं मी कुणाला सांगितलं नाही, आणि त्या साथीबद्दल गावात कुणी विचारलं तर ती ढगांकडे बघायची.

थंडी पडल्यावर मी कुडाळला गेलो. खिसे रिकामे. तेच ओसरीवरचं बाकडं, तेच पद्माचे वडील, चष्म्यावरून माझ्याकडे बघणारे. पद्मा आतल्या दारामागे होती. पैंजण वाजलं, म्हणून कळलं.

"हां," ते म्हणाले. "आता नाव सांगतलंस मा? सगळा नाव."

"दिगंबर," मी म्हटलं. मग बापापाशी आलो, आणि ओठ मिटले. "प... प..."

म्हातारा चष्मा पुसायला लागला. मी मान वर केली आणि थांबलो. घाई नव्हती.

तळकोंडची बातमी कुडाळपर्यंत पोचली होती, हे मला ठाऊक नव्हतं. दारामागून, अगदी हळू, हसू दाबत कुणीतरी म्हणालं, "होय म्हाराजा."

"पुरुषोत्तम कांबळी!" मी म्हणालो, एवढ्या जोरात की शेजारचे लोक बाहेर आले.